चावी मिळाल्यानंतर

बेघर माणसाच्या हातात घराची चावी पडली की सरकारदरबारी त्याचा प्रश्न मिटतो. २०११च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले गेले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. त्या आकड्यातून एक माणूस वजा झाला की फाइल बंद. या लोकांबरोबर काम करणारे कार्यकर्ते मात्र सांगतात की त्यांची खरी धाकधूक इथून पुढे सुरू होते. गादी-पलंग असताना माणूस दाराशी जमिनीवर आडवा होतो. रात्रभर दिवा चालू ठेवतो. कुणी दाराला कडी लावायला तयार नसतं, तर कुणी एकदा लावलेली कडी दोन-दोन दिवस काढत नाही. गॅस आहे, भांडी आहेत, पण एकट्यासाठी काय रांधायचं, म्हणून चहा-बिस्किटांवर वेळ मारून न्यायची. आणि काही जण तर सगळं मिळूनही महिन्या-दोन महिन्यांत आपल्या जुन्या जागी परततात.

याला कृतघ्नपणा म्हणणारे भेटतात. 'यांना घराची सवयच नाही,' असंही म्हटलं जातं. या दोन्ही स्पष्टीकरणांत एक गोष्ट सुटते. फुटपाथवरचा माणूस आपल्याला लांबून एकटा दिसतो, पण बहुतेक वेळा तो तसा नसतो. नळावर किंवा शौचालयाच्या रांगेत जाताना बोचकं कुणाच्या तरी भरवशावर ठेवावं लागतं. बायका रात्री एकमेकींच्या आधाराने झोपतात, कुणीतरी एक जागी राहते. टपरीवाला पहिल्या घाण्यातला अर्धा चहा उधार देतो. देवळापाशी अन्नदान कुठल्या वारी असतं, पोलिसांची गाडी किती वाजता फिरते, ही माहिती तोंडोतोंडी पोचते. एखादं कुत्रं पायाशी येऊन झोपतं. या जगण्याला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. तिथे मारहाण आहे, चोऱ्या आहेत, बायकांवर अत्याचार आहेत. पण त्यातही माणसाची एक जागा ठरलेली असते, आणि तो दिसला नाही तर 'गेला कुठे?' असं विचारणारं कुणीतरी असतं. परवडणारी खोली मात्र नेहमी शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळते. तिथे छप्पर असतं, पण 'गेला कुठे?' विचारणारं कुणी नसतं.

या विषयावरचा सगळ्यांत मोठा प्रयोग कॅनडात झाला. त्याची पार्श्वभूमी न्यूयॉर्कची. १९९२ साली तिथे सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था सुरू केली आणि तोवरची पद्धत उलटी फिरवली. पूर्वी मानसिक आजार असलेल्या बेघर माणसाला पायऱ्या चढाव्या लागत. आधी दारू सोड, गोळ्या नियमित घे, निवाऱ्यात नीट वागून दाखव, मग घराचं बघू. त्सेम्बेरिसचं म्हणणं असं की आधी घर द्या, तेही विनाअट, आणि बाकीची मदत माणसाच्या कलाने त्याच्या घरी घेऊन जा. 'हाउसिंग फर्स्ट' या नावाने ही कल्पना जगभर गेली. कॅनडा सरकारने तिची रीतसर परीक्षा घेतली. २००९ ते २०१३ या काळात व्हँकूव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रिऑल आणि माँक्टन या पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला घर आणि घरपोच मदत मिळाली, दुसऱ्याला शहरात आधीपासून असलेल्या नेहमीच्या सेवा.

घराच्या बाबतीत निकाल स्पष्ट लागला. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात टिकून होते, दुसऱ्या गटातले ३१ टक्के. विनाअट घर दिलं तर हे लोक ते उधळून लावतील, ही भीती तिथे निकालात निघाली. पण त्याच अहवालात एक कमी गाजलेली गोष्ट आहे. आजाराच्या लक्षणांची तीव्रता दोन्ही गटांत कमी झाली, आणि ती साधारण सारखीच. जगण्याचा दर्जा आणि लोकांत वावरण्याची क्षमता घर मिळालेल्यांत अधिक सुधारली, हे खरं. तरी घराने जी उडी घराच्या बाबतीत मारली, ती मनाच्या बाबतीत मारली नाही. यावरून 'मग घर कशाला?' असा निष्कर्ष काढणं अडाणीपणाचं होईल. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेबोरा पॅजेट यांनी अशा भाडेकरूंच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. घरामुळे आलेली स्थिरता, दार बंद करून निवांत बसण्याचा हक्क, यांचं मोल लोक भरभरून सांगत होते. त्याच मुलाखतींत 'आता पुढे काय?' हा प्रश्नही डोकावत होता. रस्त्यावर असताना दिवस कसा काढायचा हे पोट ठरवत असतं. घर मिळालं की दिवस एकदम लांबच लांब होतो, आणि आयुष्यात काय काय राहून गेलं त्याचा हिशेब सुरू होतो: मुलं, लग्न, काम, तुटलेली नाती.

एकटेपणाचा आणि प्रकृतीचा संबंध आता चांगला तपासलेला आहे. २०१० साली ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांवर लोकांच्या माहितीवरून दाखवून दिलं की ज्यांची नाती भक्कम आहेत त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. पण आपल्या विषयाला अधिक लागू पडतं ते शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅसिओपो यांचं संशोधन. एकटं पडलेल्या माणसाचा मेंदू सतत पहाऱ्यावर असतो. समोरच्याच्या चेहऱ्यात त्याला आधी धोका दिसतो, झोप तुटक होते, आणि या संशयापायी तो माणसांपासून आणखी लांब जातो. रस्त्यावर राहिलेल्या माणसाच्या बाबतीत हा पहारा मुळात शहाणपणाचाच होता. रात्री गाढ झोपणारा तिथे लुटला जातो. वर्षानुवर्षं मुरलेली ही सावधगिरी चावीबरोबर गळून पडत नाही. शेजारणीने सहज विचारलं, 'नवीन आलात का?' तर त्यात त्याला चौकशीचा वास येतो. त्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, कानात आवाज येत असतील, तर ते आवाज खोडून काढायला दुसरा माणूसच जवळ नसतो. गोळ्या आवाज कमी करतात. पण ज्या जागेत पूर्वी आवाज होते तिथे आता काय भरायचं, हे काम गोळीचं नाही.

या प्रश्नावरचं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर चेन्नईचं आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या दोन मैत्रिणींनी १९९३ साली 'द बॅन्यन' ही संस्था काढली, ती रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण बायकांसाठी. उपचार करायचे, बरं वाटलं की पत्ता शोधून घरी पोचवायचं, हा सुरुवातीचा मार्ग. बऱ्याच जणी घरी गेल्या. काहींना घरच्यांनी ओळख दाखवली नाही, काहींना घरचा पत्ता आठवेना, आणि काहींना पत्ता आठवत असूनही तिथे जायचं नव्हतं. घरातल्या माराला कंटाळूनच तर त्या निघाल्या होत्या. अशा बायका संस्थेतच राहू लागल्या, एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं. संस्था कितीही मायाळू असली तरी तिथे जेवणाची घंटा असते, कपाट सामाईक असतं, आणि आज भाजी काय करायची हे दुसरंच कुणी ठरवतं.

२०१५पासून 'बॅन्यन'ने 'होम अगेन' सुरू केलं. गावात किंवा शहरातल्या साध्या वस्तीत एक घर भाड्याने घ्यायचं, त्यात चार-पाच जणींनी राहायचं. बाहेर पाटी नाही, पहारेकरी नाही. कुणी कुणाबरोबर राहायचं हे त्यांनीच जमवायचं, कारण संस्थेत असतानाच कुणाचं कुणाशी पटतं हे उघड झालेलं असतं. मदतीला सहायिका असतात. त्या डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत. बहुतेक जवळपासच्याच साध्या बायका, कामापुरतं शिक्षण दिलेल्या. मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक मागे असतात, लागतील तेव्हा येतात. बाकी घर घरासारखं चालतं. कुणाला मासळी हवी असते, कुणाला वास सहन होत नाही. टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावरून वाजतं. बाहेरून आलेल्या माणसाला ही भांडणं म्हणजे बिघाड वाटेल. पण संस्थेतल्या माणसाला भांडायलाही काही उरलेलं नसतं. आपल्या आवडीसाठी दुसरीशी हुज्जत घालणं, मग अबोला धरणं, मग चहाच्या निमित्ताने तो मोडणं, ही सगळी माणसांत परतल्याची कामं आहेत.

सहायिकेच्या कामातलं खरं कसब बाजूला होण्यात आहे. किराणा आणायचं उदाहरण घ्या. पहिल्यांदा ती घरातल्या एखाद्या बाईबरोबर जाते, दुकानदाराशी तीच बोलते. मग यादी सांगायचं काम त्या बाईकडे देते आणि स्वतः गप्प उभी राहते. मग दुकानाबाहेर थांबते, मग गल्लीच्या तोंडाशी, आणि एक दिवस घरीच थांबते. मधल्या काळात दुकानदाराला नाव कळलेलं असतं, सुट्टे पैसे नसले तर 'उद्या द्या' म्हणण्याइतकी ओळख झालेली असते. एखाद्या दिवशी बाई घाबरून अर्ध्या वाटेतून परत आली, तर दोन पायऱ्या मागे यायचं. हे सगळं कागदावर मांडायला अवघड आहे. अहवालात त्याचं 'किराणा आणला' एवढंच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली माणसाचा मान राखणाऱ्या, वस्तीतच चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवांची जगभरातली उदाहरणं निवडली, त्यांत चेन्नईचं 'होम अगेन' आहे. ही घरं पुढे केरळ, आसाम आणि आपल्या रत्नागिरीतही उभी राहिली. रत्नागिरीला १८८६पासूनचं मनोरुग्णालय आहे, आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना भिंतीबाहेर राहता यावं हा त्यामागचा हेतू.

त्याच यादीत ब्रिटनची 'कीरिंग' नावाची व्यवस्था आहे, १९९०पासूनची. तिथे उलट रचना आहे. प्रत्येकाचं घर वेगळं, पण पायी जाता येईल इतक्या अंतरात, आणि त्याच परिसरात राहणारा एक स्वयंसेवक सगळ्यांना धरून असतो. एकाला बिल भरता येतं, दुसऱ्याला स्वयंपाक येतो, आणि हे आपसात चालतं. एका छताखाली पाच जणी चांगल्या की पाच छतांखाली पाच जण, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कुणाला दुसऱ्याचं घोरणंही सोबत वाटतं, कुणाला नाही. विचारून ठरवावं.

नाती म्हटलं की आपल्याला जिवाभावाची माणसं आठवतात, आणि पुनर्वसन म्हटलं की रक्ताची. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेने हजारो भटक्या मनोरुग्णांना देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या त्यांच्या घरी पोचवलं. भरत वाटवानींना त्यासाठी २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलगा मेला असं समजून बसलेल्या आईच्या दारात तो उभा राहतो, याहून मोठं औषध कुठलं? पण ज्यांना ते दार नाही त्यांचं काय, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. आणि इथे मला जिवाभावाच्या नात्यांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांचं महत्त्व जास्त वाटतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालच्या एका गाजलेल्या निबंधात दाखवलं होतं की लोकांना नोकरीची खबर बहुधा जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसांकडून लागते. पुढे जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ साली असं दाखवलं की ज्या दिवशी अशा जुजबी ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणूस अधिक आनंदी असतो, आपण इथले आहोत असं त्याला अधिक वाटतं. जवळची मैत्री वर्षानुवर्षांनी होते, आणि ज्याचा विश्वास अनेकदा तुटला आहे त्याच्याकडून ती लगेच मागणं हाही एक प्रकारचा जुलूमच. फुलवाली, रिक्षावाला, दळणाच्या गिरणीतला पोऱ्या यांच्याशी होणाऱ्या दोन वाक्यांत काही पणाला लागत नाही. नको वाटलं तर मान हलवून पुढे जाता येतं. पहाऱ्यावर असलेल्या मेंदूला हळूहळू सैल सोडायला अशा भेटी सोयीच्या.

उलट, ठरवून केलेला 'सामाजिक सहभाग' पुष्कळदा फसतो. शनिवारी चार वाजता सगळ्यांना गोल बसवून गाणी म्हणायला लावणं, पाहुणे आले की मनोगत सांगायला उभं करणं, फोटो काढणं. ज्याने आयुष्यभर अन्नदानाच्या रांगेत फोटो दिले, त्याला आणखी एक रांग नको असते. न्यूयॉर्कचं 'फाउंटन हाउस' या बाबतीत १९४८पासून शहाणं आहे. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या लोकांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून काढलेल्या मंडळातून ते उभं राहिलं. तिथे येणाऱ्याला रुग्ण न म्हणता सभासद म्हणतात. आणि सभासदाला तिथे काम असतं: स्वयंपाकघरात, कार्यालयात, बागेत, टेलिफोनवर. काम खरं असतं. सभासद आले नाहीत तर दुपारचं जेवण होणार नाही, इतकं खरं. फिनलंडमध्येही बेघरांसाठीचे मोठे निवारे मोडून तिथे स्वतंत्र घरं केली गेली, तेव्हा आसपासच्या लोकांचा विरोध झाला. त्यावर कर्मचाऱ्यांनी आणि रहिवाशांनी मिळून परिसराची साफसफाई, बागांची देखभाल अशी कामं हाती घेतली. रस्ता झाडणाऱ्या माणसाला शेजारी आधी नुसता हात करतो, मग बोलतो. सतत घेणाऱ्याच्या भूमिकेत ठेवलेला माणूस आतून खचत जातो. आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. ज्याच्या घरात वाटीत घालायला काही नाही, त्याला ती घेणंच जड जातं.

एक अडचण मात्र सहसा बोलली जात नाही. जुने मित्र. ज्याला घर मिळालं त्याच्याकडे फुटपाथवरचे सोबती येणारच, आणि आल्यावर राहणारच. ज्यांनी आपलं बोचकं राखलं त्यांना थंडीत बाहेर कसं काढायचं? मग घरात गर्दी होते, दारू येते, घरमालक तक्रार करतो, आणि चावी हातची जाते. परदेशांतल्या अनेक कार्यक्रमांत भाडेकरार मोडण्यामागे हे कारण वारंवार दिसलं आहे. यावर 'जुन्यांशी संबंध तोड' असा सल्ला देणं सोपं. पण त्याला तोवर नवीन कुणी मिळालेलं नसतं. 'नाही' म्हणायला शिकवावं लागतं, आणि ते म्हटल्यावर येणारं रिकामपण कुणीतरी सोसायला मदत करावी लागते. आठवड्यातून एकदा येणारा कार्यकर्ता त्या घटकेला हजर नसतो. अशा वेळी त्याच वाटेने गेलेला, वर्षभर आधी घर मिळालेला माणूस उपयोगी पडतो.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं १९वं कलम सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब घ्यायला तयार नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणावरून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. आणि सामूहिक घरं, मधल्या टप्प्याची घरं उभी करण्याची जबाबदारी सरकारची. तरी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ४३ सरकारी मनोरुग्णालयांत वर्षाहून अधिक काळ राहिलेली ४,९३५ माणसं आढळली, तिथल्या एकूण रहिवाशांच्या एक तृतीयांशाहून जास्त.

पैशाची वाटही चुकीच्या जागी अडते. इमारतीला निधी मिळतो, तिचं उद्घाटन करता येतं. औषधांना मिळतो. पण दुकानाबाहेर गप्प उभ्या राहणाऱ्या सहायिकेचा पगार कुठल्या शीर्षाखाली टाकायचा? म्हणून तो कमी ठेवला जातो, देणगीवर चालवला जातो, आणि ती बाई दोन वर्षांत जास्त पैशांची दुसरी नोकरी धरते. मग नव्या सहायिकेशी पुन्हा पहिल्यापासून. हे काम साध्या माणसांना जमतं याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पुण्याच्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'ने 'आत्मीयता' हा कार्यक्रम नाशिक जिल्ह्यात सुरू केला तो गावातल्याच लोकांना शिकवून, आणि त्याचीही जागतिक आरोग्य संघटनेने दखल घेतली. साधेपणा हा कामाचा गुण आहे, म्हणून मोबदलाही साधा असावा असं नाही.

दुसरी अडचण घरमालकाची, आणि ती आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली. महाराष्ट्रात भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा. सगळ्या भाडेकरूंना तो त्रास देतो, पण इथे त्याचा फटका वेगळा बसतो. गल्लीतल्या मुलांनी दबकत बघणं सोडून 'मावशी' म्हणायला लागावं, दूधवाल्याने न सांगता पिशवी अडकवून जावी, याला एक पावसाळा आणि दोन-चार सण मध्ये जावे लागतात. तोवर करार संपतो. मालक 'मुलीचं लग्न आहे, जागा लागेल,' म्हणतो, किंवा सोसायटीतून कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. सामान टेम्पोत घालून दुसऱ्या वस्तीत नेता येतं. दूधवाला, दुकानदार, समोरच्या खिडकीतल्या आजी नेता येत नाहीत. अशा घरांसाठी पाच वर्षांचे करार करायचे, भाड्याची हमी महापालिकेने घ्यायची आणि घर वापरून झाल्यावर रंगरंगोटीचा खर्च मालकाला द्यायचा, एवढं जरी झालं तरी मनोरुग्णालयातल्या पुष्कळ खाटा मोकळ्या होतील. आमदार निधीतून बांधल्या जाणाऱ्या एखाद्या सभामंडपापेक्षा त्याला जास्त पैसे लागतील असं वाटत नाही.